धुक्यातील वनाचे मोल

कारखान्याच्या ताळेबंदात कच्चा माल, वीज, मजुरी आणि यंत्रांचा घसारा यांचा हिशेब चोख मांडलेला असतो. पाणी ज्या डोंगरातून येते त्या डोंगराच्या घसाऱ्याची नोंद मात्र कोठेच नसते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा वाढला तो पवना, इंद्रायणी, भामा या सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या आधारावर.

याच सह्याद्रीच्या माथ्यावर, खेड-आंबेगावच्या पश्चिम कडेला, भीमाशंकरचे वन आहे. पावसाळ्यात तेथे ढग जमिनीला टेकतात. अंजनी-जांभळांच्या खोडांवरील शेवाळ, नेचे आणि आमरी त्या ओलाव्यावर जगतात. सह्याद्रीच्या कड्याकपारींतील खर्चुडीच्या काही जाती तर जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. अशा वनस्पतींचा अधिवास म्हणजे केवळ जमीन नव्हे. सावली, धुके आणि कातळावरील वीतभर माती यांचा तो मेळ होय. मधून रस्ता गेला की ऊन-वारा आत शिरतो आणि झाड उभे असूनही त्यावरील आमरी सुकते.

१९८५ साली येथील सुमारे १३० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. परंतु धुक्याला सरकारी सीमा ठाऊक नसते. अभयारण्यालगतच्या पवनचक्क्यांमुळे झालेल्या हानीकडे माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात लक्ष वेधले होते. अशा वेळी ‘अन्यत्र वृक्षारोपण करू’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. जी वस्तू पुन्हा निर्माण करता येते, तिचीच भरपाई संभवते. माळावर लावलेली हजार रोपे धुक्यातील एका जुन्या झाडाची जागा घेऊ शकत नाहीत.

याचा अर्थ कारखाने नकोत, असा नव्हे. त्यांवर असंख्य कुटुंबांच्या चुली पेटतात. पण वनरक्षणाचा सारा भार, हिरडा गोळा करून जगणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांवर निर्बंधांच्या रूपाने टाकणेही न्याय्य नव्हे. औद्योगिक पाणीपट्टीतील ठरावीक वाटा उगमक्षेत्रातील वनांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा विनियोग तेथील ग्रामसभांच्या संमतीने व्हावा. डोंगरमाथ्यावरील कोणत्याही नव्या प्रकल्पापूर्वी वनस्पतींची पाहणी भर पावसाळ्यात व्हावी. कारण खर्चुडीसारख्या कंदवर्गीय वनस्पती उन्हाळ्यात जमिनीवर दिसतच नाहीत, आणि न दिसलेल्या वनस्पतीची नोंद अहवालात ‘नाही’ अशीच होते.

पाण्याचे देयक उद्योग आज भरतातच. त्यात वनाचे मोल मिळवले, तरच तो हिशेब पुरा होईल.