गोदामातील दोन तंटे

भिवंडी तालुक्यातील अंजूर आणि शेजारची गावे एकेकाळी भातशेतीवर जगत. आज तेथे गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांच्या छपराखाली दोन प्रकारचे तंटे जन्म घेतात. भाडे, वाहतूक किंवा मालाची किंमत यांवरून कंपन्यांत होणारा एक. ठेकेदाराने बुडवलेल्या मजुरीचा दुसरा.

पहिल्यासाठी संसदेने २०१५ साली वाणिज्यिक न्यायालयांचा कायदा केला. प्रारंभी एक कोटी रुपये व त्यावरील दावेच त्यात येत. २०१८ साली ही मर्यादा तीन लाखांवर आणण्यात आली. प्रतिवादीने १२० दिवसांत कैफियत दाखल केली नाही, तर त्याचा तो हक्कच संपतो. युक्तिवाद संपल्यापासून ९० दिवसांत निकाल देण्याचे बंधन न्यायालयावर आहे.

ही तत्परता कोठून आली? व्यवसायसुलभतेच्या जागतिक बँकेच्या यादीत वरचे स्थान मिळवण्याची ओढ त्यामागे होती. त्या यादीसाठी भारतातील मुंबई व दिल्ली या दोनच शहरांची पाहणी होत असे. आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर बँकेने २०२१ साली ती यादीच बंद केली. कायदा मात्र राहिला.

तो राहिला यात वाईट काही नाही. उधारी अडकलेल्या लहान यंत्रमागधारकालाही त्याचा आधार मिळू शकतो. परंतु त्यासाठी लेखी करार, पावत्या आणि वकिलाची फी हवी. व्यापाऱ्याचे सूत घेऊन केवळ तोंडी शब्दावर कापड विणून देणाऱ्याने हे सारे कोठून आणावे?

हमालाच्या वाट्याला तर एवढेही येत नाही. सारा व्यापार त्याच्या पाठीवरून जातो. परंतु त्याच्या मजुरीचा वाद ‘वाणिज्यिक’ ठरत नाही. २०१९ची वेतन संहिता त्याच्या दाव्याचा निर्णय तीन महिन्यांत देण्याचा ‘प्रयत्न’ करण्यास सांगते. कंपनीसाठी बंधन आणि हमालासाठी प्रयत्न, हा भेद केवळ शब्दांचा नाही. कंपनीची रक्कम अडकली तर ताळेबंद बिघडतो. हमालाची मजुरी अडकली तर चूल विझते.

मनात आणले तर दिरंगाईला शिक्षा देता येते, हे राज्यकर्त्यांनी स्वतःच सिद्ध केले आहे. तेव्हा मजुरीच्या दाव्यालाही तीच बंधनकारक मुदत आणि टाळाटाळ करणाऱ्या ठेकेदारालाही तीच शिक्षा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गोदामा-गोदामांतून उभी केली पाहिजे.