तीन हजार आणि ‘परक्याचं धन’

मैत्रिणींनो, मी वेळणेश्वरची, माजी सैनिकाची बायको. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. वर्षाला देशभरात ५५००, निम्म्या मुलींसाठी. २०१९-२० पासून मुलाला महिना २५००, मुलीला ३००० रुपये.

मुलाचा अर्ज ह्यांनी धावपळ करून भरला. बारावी सायन्सला ७० टक्के मिळवणाऱ्या मुलीला मात्र बी.ए.ला घातलं. गावातच २०१२ पासून इंजिनीअरिंग कॉलेज आहे. पण ‘परक्याच्या धनावर खर्च कशाला?’ नंतर कळलं, ही शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच मिळते, साध्या बी.ए.ला नाही. अर्जही पहिल्याच वर्षी करायचा. सरकारने मुलीला पाचशे जास्त देऊ केले, घराने सगळेच बुडवले. मीही गप्प बसले, हा माझा गुन्हा.

पण सरकारही सुटत नाही. मुलींना बी.ए.कडे ढकलणारी घरं काय आमचं एकच? मग बी.ए. वगळून कसली समानता? ते योजनेत आलंच पाहिजे.

तोवर बायांनो, मुलगी अकरावीत जातानाच घरात विचारा, तिचा अर्ज कोण भरणार? ते सीमेवर होते तेव्हा घर, शेती, म्हातारी माणसं आपणच सांभाळली. त्या नोकरीच्या फळात आपल्या लेकींचाही वाटा आहे. तो मागून घ्या.