कपडा रिपीट झाला तर बिघडलं कुठे?

‘सस्टेनेबल फॅशन’ या प्रकाराशी माझं भांडण आहे. पर्यावरणाशी नाही, त्याच्या नावाने लागलेल्या दुकानाशी. फोनवर स्क्रोल करताना काय दिसतं? मातकट रंगाचा ढगळ कुर्ता, शेजारी कुंडीतलं झाड आणि किंमत साडेचार हजार. पृथ्वी वाचवायचीय? मग हा घ्या. म्हणजे अति खरेदीवर उपाय काय, तर आणखी एक खरेदी!

सगळ्यात सस्टेनेबल कपडा तुमच्या कपाटात आधीच आहे. तो बनवताना लागलेलं पाणी, वीज आणि रंग खर्च होऊन गेलेत. शर्ट दहा वेळा घाला की शंभर वेळा, तो खर्च तेवढाच. हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

तरी नवं का लागतं? कारण ‘हे तू परवाच घातलं होतंस ना?’ या प्रश्नाची आपल्याला भीती वाटते. फास्ट फॅशनचा अख्खा डोलारा या लाजेवर उभा आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१०० हून जास्त माणसं मेली. बहुतेक सगळे कपडे शिवणारे कामगार. भिंतींना गेलेले तडे आदल्याच दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. स्वस्त कपड्याची किंमत कुणीतरी भरतंच.

‘आमचा टी-शर्ट प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनलाय’ हेही ऐकून घ्या. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा टी-शर्ट झाला की बहुतेकदा पुढचा रस्ता बंद. त्यात कापूस आणि स्पॅन्डेक्स मिसळलेलं असेल तर ते धागे वेगळे करणं महाकठीण. शिवाय प्रत्येक धुण्यात प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात ते वेगळेच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: ‘ठिगळं लावणं ही आमच्या घरची मजबुरी होती, तुम्ही तिची फॅशन करताय.’ ज्या समाजात कुणी काय नेसायचं हे जात ठरवत होती, तिथे नवा, कडक इस्त्रीचा कपडा हा स्वाभिमान असतो. बाबासाहेबांचा सूट हेच सांगतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांशी बोलताना त्यांनी सांगितलं होतं, की कपड्याला ठिगळं असली तरी चालतील, पण तो स्वच्छ हवा; आणि काय घालायचं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य कुणीही हिरावून घेऊ शकत नाही. म्हणून ‘कमी घ्या’ हा उपदेश पहिल्यांदा चांगला कपडा घेणाऱ्याला करायचा नसतो. तो ज्यांचं कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, त्यांच्यासाठी आहे. म्हणजे माझ्यासारख्या आयटीवाल्यांसाठी.

आणि आपल्यासाठी तो उपदेश रडका असायची गरज नाही. सहा कुर्ते, चार पँट, तीन ओढण्या: ७२ जोड्या झाल्या. बाबांचा चौकड्यांचा शर्ट जॅकेट म्हणून घाला. आईच्या साडीवर बेल्ट बांधा. भोक पडलं तर मुद्दाम उठून दिसणाऱ्या रंगाच्या धाग्याने शिवा. जपानच्या ‘साशिको’ टाक्याचे व्हिडिओ आपण कौतुकाने बघतो. घरातल्या गोधडीवर तोच साधा धावदोरा असतो, तिच्याकडे मात्र बघत नाही. आजीच्या लुगड्याचा जांभळा तुकडा आणि आजोबांच्या सदऱ्याचा पांढरा शेजारी शेजारी लावणाऱ्या बाईला रंगांचा खेळ कळत नव्हता असं कोण म्हणेल? काटकसर होतीच, पण नजरही होती.

ती नजर विकत मिळत नाही, म्हणून तिची जाहिरातही येत नाही. खेळता येणाऱ्या माणसाला दर आठवड्याला नवं लागत नाही, आणि असं गिऱ्हाईक कुठल्याच ब्रँडला परवडत नाही.

तेव्हा ‘हे परवाच घातलं होतंस ना?’ असं कुणी विचारलं, तर मान खाली घालू नका. सांगा, हो. आणि येत्या परवाही घालणार आहे.