मर्सिडीजमध्ये किती पोती बसतात?

भोरच्या राजवाड्यात सिनेमाचे चित्रण सुरू झाले की आमच्या कॉलेजातली हजेरी रोडावते. पण गेल्या श्रावणात माझा वर्ग ओस पडला तो नटनटींसाठी नव्हे. राजवाड्याच्या दारात एक लांबलचक काळी मर्सिडीज उभी होती आणि आमचे विद्यार्थी तिला टेकून, तिच्या नाकावरच्या चांदणीवर हात ठेवून आळीपाळीने फोटो काढून घेत होते. नटी आत होती. तिची कोणी चौकशीही करीत नव्हते! घरी येऊन मी तावातावाने हे सारे सौभाग्यवतींना सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तुम्ही नाही का काढलात?" काढला होता. पण त्यांना नाही म्हणून सांगितले. आता छापूनच येत आहे म्हटल्यावर लपवून उपयोग नाही.

त्याच रात्री वेल्ह्याकडून फोन आला. वेल्ह्याचा परिसर हे माझे आजोळ. तोरण्याच्या सावलीत माझ्या मामांचे गाव आहे आणि फोन होता त्यांच्या नातवाचा, म्हणजे माझ्या मामेभावाच्या मुलाचा. वय सत्तावीस, आय. टी. आय. झालेला, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला, बोलण्यात गोड. "काका, आप्पा तुमचं ऐकतात. एकदा येऊन त्यांना समजावून सांगा." समजावून सांगावयाचे ते असे : ओढ्याकाठच्या भातखाचराला पुण्याचे एक गृहस्थ चांगला भाव द्यावयास तयार आहेत, त्यांना तेथे बंगला बांधावयाचा आहे. सातबारा आप्पांच्या नावावर. त्यांनी सही केली की आलेल्या पैशातून घराचे पत्रे बदलावयाचे, थोडे बँकेत टाकावयाचे आणि एक जुनी, पण अगदी नव्यासारखी दिसणारी मर्सिडीज घ्यावयाची!

"मग आप्पा काय म्हणाले?"

"ते विचारतात, तिच्यात किती पोती बसतात."

मी हसलो. वाचकही हसतील. पण मामांचा प्रश्न खुळेपणाचा नव्हता. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीतल्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला, जेथे रेल्वेची इंजिने होत होती तेथेच, मालमोटारी तयार होऊ लागल्या. टेल्कोची धुरा तेव्हा सुमंत मुळगावकर या मुंबईत जन्मलेल्या इंजिनिअरकडे होती. गाडीवर टाटांच्या जोडीने मर्सिडीज-बेंझचे नाव आणि तोंडावर वर्तुळातली तीन टोकांची चांदणी. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी उतरली आणि तिच्या जागी टाटांचा 'टी' आला. पण तोवर आमच्या मामांसारख्यांच्या तोंडी 'मर्सिडीज' हे नाव पक्के बसले होते, आणि ते ट्रकचे नाव म्हणून! मामा १९६२ च्या सुमारास अशाच एका मर्सिडीजवर क्लीनर म्हणून लागले आणि पुढे ड्रायव्हर झाले. जाताना भात, हिरडा, लाकूडफाटा. येताना मीठ, रॉकेल, पत्रे. श्रीमंताच्या दारातली मर्सिडीज त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नसावी. ज्या चांदणीला टेकून माझे विद्यार्थी उभे होते, ती चांदणी मामांनी रोज सकाळी फडक्याने पुसलेली होती.

तेव्हा रविवारी नसरापूर, मार्गासनी करीत मी वेल्ह्याकडे निघालो. जाण्यापूर्वी चार पुस्तके चाळली, कारण प्राध्यापकाला त्याशिवाय सल्ला देता येत नाही. भातलावणी उरकली होती आणि मामा पडवीत घोंगडी पांघरून बसले होते.

"या मास्तर. वकिली करायला आलात व्हय?"

"नाही मामा, गोष्ट सांगायला आलो."

आणि मी खरोखरच गोष्ट सांगितली. मानहाइम गावात कार्ल बेंझ नावाचा एक इंजिनिअर होता. डोके विलक्षण, पण व्यवहार शून्य. लग्नापूर्वीच कारखान्याचा भागीदार त्रास देऊ लागला, तेव्हा त्याच्या वाग्दत्त वधूने, बेर्टाने, आपल्या हुंड्यातला पैसा आधी उचलून त्या भागीदाराला वाटेला लावले. १८८६ च्या २९ जानेवारीला बेंझने आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक हॉर्सपॉवरही धड नव्हती तिची! लोक बघायचे, हसायचे आणि निघून जायचे. विकत कोणी घेईना. शेवटी १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टाबाईंनी नवऱ्याला न सांगता पहाटे गाडी बाहेर काढली, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि शंभर किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या आपल्या माहेरी, फोर्ट्सहाइमला, निघाल्या.

"माहेरी?" मामी चूल सोडून दारात आल्या.

माहेरीच. वाटेत इंधन संपले, ते त्यांनी औषधाच्या दुकानातून घेतले. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी एक द्रव मिळे, त्यावर गाडी चाले. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, ते चांभाराकडून कातडे ठोकून घेतले. आणि चढ आला की गाडी दम सोडी, मग पोरे खाली उतरून ढकलीत. परत आल्यावर बाईंनी सांगितले की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. बेंझने तो बसवला.

मामा सरसावून बसले. "चढाला खाली उतरायचं काम पोरांचंच. कात्रजच्या जुन्या घाटात वस्ताद गिअर टाकायचा, आन् मी दगड घेऊन मागल्या चाकासंगं पळायचो. गाडी थांबली की चाकाखाली दगड. हुकला तर गाडी मागं, आन् मीबी." त्यांनी उजव्या हाताचे एक बोट पुढे केले. त्याचे वरचे पेर नाही, हे मी लहानपणापासून पाहत होतो. ते कसे गेले हे कधी विचारले नव्हते.

इकडे नातू चुळबुळत होता. त्याला ऐकावयाची होती ती बाईच्या चिकाटीची कथा नव्हे, तर नावाच्या मोठेपणाची. तीही सांगितली. बेंझपासून फार दूर नाही अशा कानश्टाट गावी गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे त्याच सुमारास दुसरी मोटार बनवीत होते. मौज अशी की बेंझ आणि डाइम्लर यांची एकमेकांशी ओळखही नव्हती. डाइम्लर १९०० साली वारला. त्याच वर्षी एमिल येलिनेक नावाच्या धनिक गिऱ्हाइकाने त्याच्या कंपनीकडे एकदम छत्तीस गाड्या मागितल्या. अट अशी की इंजिन नवे, जोरकस हवे आणि गाडीला आपल्या लेकीचे नाव हवे. लेक दहा वर्षांची, नाव मर्सिडीज. मायबाखने पस्तीस हॉर्सपॉवरची गाडी बनवली. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना धूळ चारली आणि १९०२ मध्ये ते नाव कायदेशीर नोंदले गेले. पुढे येलिनेकने स्वतःच्या आडनावालाच लेकीचे नाव जोडून घेतले. आपल्याकडे लेकीच्या नावापुढे बापाचे नाव लागते. येथे उलटा प्रकार.

"आमच्या गाडीच्या कपाळावरबी मालकाच्या पोरीचं नाव हुतं," मामा म्हणाले. म्हणजे जर्मनांनी नवे असे काहीच केले नाही, असा त्याचा अर्थ.

चांदणीची गोष्ट वेगळी. डाइम्लरने तरुणपणी बायकोला पाठवलेल्या एका पत्रावर आपल्या राहत्या घरावर चांदणी काढली होती. ती त्याच्या मुलांच्या लक्षात राहिली आणि १९०९ मध्ये तीन टोकांची चांदणी कंपनीने नोंदवली. जमीन, पाणी आणि आकाश, तिन्ही ठिकाणी आमची इंजिने चालतील, असा त्याचा अर्थ लावतात. १९२६ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या.

येथवर सगळे गोड होते. पण मग मी, नातवाला आवडणार नाही हे ठाऊक असून, पुढचे पानही वाचून दाखवले. हिटलर याच मर्सिडीजच्या उघड्या गाडीत उभा राहून सलामी घेई. ज्या मुलीचे नाव त्या गाडीवर होते तिचे आजोबा ज्यू धर्मगुरू होते, ही नियतीची थट्टा. १९४४ मध्ये कंपनीत ६३,६१० माणसे कामाला होती आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी वेठबिगार होती : परदेशांतून धरून आणलेली, युद्धकैदी, छळछावण्यांतली. हे आज कंपनी स्वतःच्या इतिहासात स्वतः छापते.

"मजुरी मिळाली का त्यांना?" मामांनी विचारले.

"जर्मन सरकार आणि तिथल्या कारखानदारांनी मिळून २००० साली निधी उभा केला. ही कंपनी त्यात होती."

मामांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजी बरीचशी मेल्यावर."

नातू काही बोलला नाही. त्याचे स्वतःचे कंत्राट दर सात महिन्यांनी तुटते आणि आठ दिवसांनी पुन्हा सुरू होते. हे मला मामींनी नंतर चहा देताना सांगितले.

मग त्याची बाजूही घेतली पाहिजे म्हणून मी सांगितले की युद्धात राख झालेल्या या कंपनीने पुढे नाव मिळवले ते केवळ थाटामाटावर नाही. अपघातात गाडीचे तोंड आणि शेपूट चेपावे पण माणसे बसतात तो मधला भाग अभंग राहावा, ही बेला बारेन्यी या तिच्या इंजिनिअरची कल्पना १९५९ सालच्या गाडीत प्रत्यक्ष आली. आज सगळेच ती वापरतात. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने आपली १९७६ सालची मर्सिडीज ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये कंपनीने ती संग्रहालयात नेऊन ठेवली. (१९९७ मध्ये हिच्याच एका नव्या छोट्या गाडीने स्वीडनमध्ये वळण घेताना कोलांटी खाल्ली, ती बातमीही जगभर गेली. थोरामोठ्यांचे पडणे लोक जास्त आवडीने पाहतात.) आणि १९९४ मध्ये या कंपनीने मोटारींसाठी आपल्या देशात पाय रोवला तो पुण्यातच, टेल्कोला पुन्हा भागीदार करून. २००९ पासून तिचा स्वतंत्र कारखाना चाकणला आहे.

"छेचाळीस लाख?" मामा एवढेच म्हणाले. टॅक्सी त्यांना पटली होती.

"आप्पा," नातू म्हणाला, "मी रोज दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग हातात धरतो. एकदा माझ्या दारात एक उभी राहू दे. एवढंच म्हणणं आहे." त्यावर मला काही उत्तर सुचले नाही. पुस्तकांतही नव्हते.

पुढच्या रविवारी विकणारा मनुष्य गाडी घेऊन स्वतः गावात आला. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत होते; गाडीचे पोट फरशीच्या कडेला घासले आणि तो आवाज पडवीपर्यंत ऐकू आला. मामा काठी टेकीत खाली गेले. त्यांनी आधी वाकून पोट पाहिले. मग बॉनेट उघडावयास लावले. आत काळ्या प्लास्टिकची झाकणे. "इंजिन कुठाय?" विकणारा हसला. "त्याला आता आपण हात लावायचा नसतो, आप्पा. कॉम्प्युटर लावून बघतात." मामांनी मान हलवली. दार उघडून पुढच्या जागेवर बसले. दार लागले तो आवाज मात्र त्यांना आवडला; त्यांनी ते पुन्हा उघडून पुन्हा लावले. नातू त्यांना नसरापूरपर्यंत फिरवून घेऊन आला. उतरल्यावर मामांनी सदऱ्याच्या टोकाने चांदणी पुसली. ती मळलेली नव्हती.

"बेस हाय गाडी," ते म्हणाले. सहीविषयी काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना एकदम मला म्हणाले, "मास्तर, त्या बाईचे हुंड्याचे पैसे वसूल झाले का शेवटी?"

झाले, असे मी सांगितले. बेर्टाबाई ९५ वर्षांच्या होऊन १९४४ मध्ये वारल्या. मामांनी पुढे काही विचारले नाही. तो १९४४ चा आकडा त्यांच्या लक्षात आला असेल की नाही, सांगता येत नाही.

परवा नातवाचा पुन्हा फोन आला. आवाज जरा दबका. भोरकडच्या एका मुलीचे स्थळ सांगून आले आहे. तुळशीचे लग्न झाल्यावर मंडळी घर बघावयास येणार आहेत. त्यांनी मध्यस्थामार्फत दोनच गोष्टी विचारल्या : नोकरी कायम आहे का, आणि जमीन किती.

"काका, त्या पुण्याच्या गृहस्थांना तोवर थांबा म्हणून सांगू का?"

मी म्हटले, सांग. खाचरातले इंद्रायणी नुकतेच निसवले आहे. कापणी दिवाळीनंतर आहे आणि मामांनी मला रजा टाकून यावयास सांगितले आहे.