धुराची झडप किती दिवसांनी उघडून पाहावी?

व्यापारी बांधवांनो, विम्याचा हप्ता आपण वेळेवर भरतो, ईदचा माल महिनाभर आधी मागवतो. पण दुकानाच्या छतात दडलेल्या एका लोखंडी झडपेकडे कोणी पाहत नाही. मी उर्दू शाळेत शिकलेला कापडवाला, इंजिनियर नव्हे. तरी अनुभवाचे दोन शब्द लिहितो.

सेंट्रल एसीची हवा पत्र्याच्या डक्टमधून एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाते. आग लागली की धूरही याच वाटेने जातो. तो अडवण्यासाठी डक्ट भिंतीतून वा स्लॅबमधून जाते तिथे फायर डॅम्पर, म्हणजे झडप बसवतात. साध्या प्रकारात धातूची एक कडी ती उघडी धरते. सुमारे ७० अंश सेल्सिअसला कडी वितळते आणि झडप मिटते. धुराची झडप मोटरवर चालते व डिटेक्टरचा इशारा मिळताच बंद होते.

९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरात आग लागली. धूर वर चढला आणि ९० च्या वर माणसे गेली, बहुतेक गुदमरून. आपल्या धंद्यातले पाहा. सोलापूर एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला १८ मे २०२५ रोजी आग लागली. मालक व त्यांच्या घरच्यांसह ८ जण दगावले. तिथे प्रश्न डक्टचा नव्हता. पण कापड पेटले की पळायला किती थोडा वेळ मिळतो, हे त्यातून कळावे.

आता तपासणी कधी करावी? अमेरिकेच्या मानकात बसवल्यावर एका वर्षाने आणि पुढे दर ४ वर्षांनी, रुग्णालयात ६ वर्षांनी, असे आहे. ब्रिटनच्या मानकात दरवर्षी. माझे मत असे की, कोकणात ४ वर्षांचा हिशेब चालणार नाही. खाऱ्या हवेने आणि पावसाने इथे कुलूपसुद्धा वर्षात गंजते. त्यात कापडाचे तंतू डक्टमध्ये साचून झडपेच्या सांध्यात अडकतात.

दोन वर्षांपूर्वी शहरातील एका व्यापारी इमारतीत मी हट्टाने छत उघडायला लावले. झडप तारेने बांधून ठेवली होती! ती अधूनमधून मिटायची, एसीची तक्रार यायची, म्हणून कारागिराने सोपा इलाज केला. कागदावर मात्र सर्व ठीक होते.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार त्याखाली येणाऱ्या इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने जानेवारी आणि जुलैत, म्हणजे वर्षातून दोनदा, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला द्यायचा असतो. तेव्हा ‘गाळा भाड्याचा, झडप मालकाची’ ही सबब पुरत नाही. हा दाखला परवानाधारक एजन्सीकडून मिळतो. तिच्या माणसाला शिडी द्या आणि आपल्यासमोर प्रत्येक झडप मिटवून पुन्हा उघडायला सांगा. पावसाळा संपल्यावर आणखी एकदा पाहा. छतात हात जाईल एवढी खिडकी नसेल तर आधी ती करून घ्या. तारीख वहीत लिहा.

खर्च होतो, खरे. पण जळालेल्या मालाचे पैसे विमा देईल, माणूस कोण देणार?