आधी ब्रेक, मग सेल्फ!

आपल्या हॉस्टेलवर गाडीची चर्चा म्हणजे फक्त इंजिनची. सीसी किती, पिकअप कसा! मीही त्यातलाच. मेच्या सुट्टीत काकांकडे बर्मिंगहॅमला गेलो, तर गॅरेजमध्ये त्यांची १९७२ची एमजीबी बारा वर्षं उभी. दोन सीटची, १७९८ सीसी, दोन कार्बोरेटर. म्हटलं, "काका, नवी बॅटरी टाकू आणि मारू सेल्फ!" काका म्हणाले, "अरे, चालू झाली तर थांबवणार कशी?"

खरंच की. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. पुढच्या कॅलिपरचे पिस्टन गंजून जाम, मागच्या ड्रममधले सिलिंडर गळके, रबरी होज आतून फुगलेले. आठ दिवस त्यातच गेले. मग टाकीतलं सडकं पेट्रोल काढलं, प्लगच्या भोकांतून ऑइल सोडलं, दोन दिवसांनी इंजिन हाताने फिरवलं. तसाच सेल्फ मारला असता, तर गंजाने चिकटलेल्या रिंगा तुटल्याही असत्या.

वर्कशॉपमागची जुनी जीप गॅदरिंगला धक्का मारून चालू करायचा बेत शिजतोय म्हणे. माझा सरळ विरोध आहे. (गेटकडचा उतार आठवा!) सरांनीही परवानगी देण्याआधी ब्रेक बघावेत. पोरांनो, आधी चारही चाकं काढू. रविवारी मी रिकामाच आहे.