नजर खाली, म्हणून गुण कमी?

बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशासाठी मुलाखत द्यावी लागते, अशा संस्था आपल्या देशात फार थोड्या उरल्या आहेत. आयुर्वेद महाविद्यालयांचे प्रवेश तर ‘नीट’च्या गुणांवरच होतात. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र ‘नीट’नंतर उमेदवारांना प्रत्यक्ष बोलावून ५० गुणांची मुलाखत घेते. साहजिकच तिच्या तयारीचे वर्ग निघाले. पाठ ताठ, हात मांडीवर, पाय स्थिर, नजर परीक्षकाच्या डोळ्यांत, हे सारे तेथे मुलांकडून घटवून घेतले जाते.

व्यवस्थित बसण्यास कोणाचाच विरोध नसावा. व्यवसायात पदार्पण करणाऱ्या वैद्याने नखे-केस कापलेले ठेवावेत, शुभ्र वस्त्र ल्यावे, वेष भडक नसावा, असे सुश्रुताचार्यांनीही सूत्रस्थानात सांगितलेच आहे. प्रश्न आहे तो परीक्षकाचा. खेड्यातील मुलगी वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवते; घरचे वळणच तसे असते. त्या नजरेचा अर्थ ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असा लावणे म्हणजे एका लक्षणावरून व्याधिविनिश्चय करणे होय. दर्शन झाले, प्रश्न राहिलाच! हातांचा कंप भीतीचा की रात्रभराच्या प्रवासाचा, हे विचारल्यावाचून कसे कळावे?

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्यपरीक्षा वर्णिली आहे. मुख, नेत्र व नासावंश सरळ असावेत, जिव्हा पातळ असावी, येथपासून धैर्य, मेधा व निरहंकारिता यांपर्यंत तीत बरेच काही येते. यांतील देहाकृतीचा भाग आज निवडीचा निकष मानता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेला भाग अमोल आहे. परंतु खुर्चीत बसण्याच्या ढबीवरून धैर्य मोजता येत नाही, आणि निरहंकारिता तर मुळीच नाही.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत या दृष्टीने विचारार्ह आहे. उमेदवार एकामागून एक अनेक छोट्या मुलाखतींना सामोरा जातो. दर ठिकाणी प्रसंग निराळा, परीक्षकही निराळा. एकाला त्याचे बसणे खटकले, तरी तेवढ्यावर निकाल लागत नाही. मुलाखत ठेवायचीच तर अशी ठेवावी, आणि बैठक व नजर यांना स्वतंत्र गुण देऊ नयेत.

तोवर, ज्या सभासदांची मुले अशा मुलाखतीस बसणार आहेत, त्यांनी वर्गाच्या शुल्काआधी एक सोपा उपाय करून पाहावा. मुलाला चार संध्याकाळी आपल्या औषधालयात उभे करावे. दबक्या आवाजात औषध मागणाऱ्या वृद्धाचे बोलणे ऐकण्यासाठी त्याला पुढे झुकावेच लागेल.